नागपूरच्या उन्हाळ्यात कोंबुचा बाटलीत भरताना: साखर, दाब आणि फ्रीज

कोंबुचा म्हणजे आंबवलेला गोड चहा. त्याच्या जवळपास प्रत्येक रेसिपीत एक ओळ ठरलेली असते: रस घालून बाटल्या घट्ट बंद करा आणि तीन ते सात दिवस बाहेर ठेवा. वीस-बावीस अंशांच्या स्वयंपाकघरात ही ओळ निभावून जाते. नागपुरात निभावत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, कूलर चालू असलेली खोलीसुद्धा तिशीच्या आसपास असते, आणि डिसेंबरात रात्री तोच पारा १०-१२ वर उतरतो. त्याच तीन ते सात दिवसांत उन्हाळ्यात बाटली फुटू शकते आणि हिवाळ्यात हाती नुसतं आंबटगोड सरबत येतं. म्हणून बाटलीतला गॅस दिवसांवर मोजू नका. साखर किती उरली आहे, खोली किती गरम आहे आणि बाटली हाताला किती कडक लागते, या तिन्हीवर लक्ष ठेवा.

पहिलं फर्मेंटेशन, म्हणजे बरणीतला गोड चहा स्कोबीकडून (यीस्ट आणि जिवाणूंच्या जेलीसारख्या चकतीकडून) आंबवून घेणं, हे ज्यांना जमलं आहे पण बाटल्या भरायची वेळ पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

बंद बाटलीतच गॅस धरवायची पद्धत मुळात बिअरवाल्यांची. घरी लागर, म्हणजे थंडीत आंबवलेली बिअर, करणं महाराष्ट्रात परवान्याशिवाय चालत नाही, त्यामुळे तो विषय इथे नाही. पण त्यांचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. लागर १०-१२ अंशांना सावकाश आंबते, मग थंडीत मुरते. यीस्टला खाता येईल ती सगळी साखर तोवर संपलेली असते आणि हायड्रोमीटरचं (द्रवात तरंगून त्यातल्या साखरेचा अंदाज देणाऱ्या नळीचं) रीडिंग एका जागी थांबलेलं असतं. मग बाटलीत भरताना मोजून साखर घालतात. यीस्ट तेवढीच खातं, तेवढाच गॅस तयार होतो आणि काम थांबतं. बाटली पुढे महिनाभर कपाटात राहिली तरी दाब वाढत नाही.

कोंबुचाचं तसं नसतं. पूर्ण आंबू दिला तर त्याचा सिरका होतो, म्हणून आपण तो अर्ध्या वाटेवर, गोडी शिल्लक असतानाच काढतो. बाटलीत जाते ती यीस्ट आणि भरपूर न खाल्लेली साखर, दोन्ही एकत्र. हा फरक नीट डोक्यात बसला की पुढची सगळी काळजी आपोआप कळते.

आता आकडे. एक लिटर पेयात एक लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल तर त्याला एक व्हॉल्यूम म्हणतात. वजनात हा गॅस साधारण २ ग्रॅम भरतो. लागरमध्ये २.४ ते २.६ व्हॉल्यूम असतात, कोलासारख्या कोल्ड्रिंकमध्ये साडेतीनच्या वर. कोंबुचा अडीच ते तीनला छान लागतो, त्याहून जास्त झाला की आंबटपणा जिभेला टोचायला लागतो. लिटरमागे ४ ग्रॅम साखर यीस्टने खाल्ली की साधारण एक व्हॉल्यूम गॅस तयार होतो. तिशीतल्या खोलीत ठेवलेल्या उघड्या बरणीत फार तर ०.६ व्हॉल्यूम आधीच विरघळलेला असतो. अडीचपर्यंत जायला आणखी १.९ हवे, म्हणजे लिटरमागे साडेसात ग्रॅम साखर. ७५० मिलिच्या बाटलीला साडेपाच ग्रॅम. चहाचा सपाट सव्वा चमचा.

आणि बाटलीत शिल्लक किती असते? लिटरला ७० ग्रॅम साखर घालून सुरुवात केली तर हायड्रोमीटर १.०२७ च्या आसपास दाखवतो. चव आवडीची लागून तुम्ही १.०१५ ला बाटल्या भरल्या, तर अजून ३५ ते ४० ग्रॅम साखर आत आहे. (कोंबुचात आम्ल आणि थोडं अल्कोहोलही असतं, म्हणून हा आकडा ढोबळ धरायचा.) सगळी गॅसमध्ये गेली असं धरलं तर आणखी नऊ-दहा व्हॉल्यूम. घरातली कुठलीही काचेची बाटली हा दाब सोसणार नाही. प्रत्यक्षात यीस्ट तिथवर बहुधा जात नाही, पण ते कुठे थांबेल यावर आपला ताबा नसतो. आपल्या हातात एकच ब्रेक आहे, तो म्हणजे फ्रीज.

यावरून दोन गोष्टी सरळ निघतात. एक, गॅस येत नाही म्हणून साखर वाढवायची नाही, साखर आत आधीच गरजेच्या पाचपट आहे. दोन, भरलेली बाटली फ्रीजबाहेर साठवायची नाही, गॅस धरून झाल्यावर एक रात्रसुद्धा नाही.

हायड्रोमीटर वापरत असाल तर नागपुरात एक दुरुस्ती लागतेच. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांना जुळवलेले असतात. ३५ अंशांच्या कोंबुचात तो सुमारे ०.००४ ने कमी दाखवतो, म्हणजे लिटरमागे दहा ग्रॅम साखर आपल्याला दिसतच नाही. नमुना पेल्यात घेऊन फ्रीजमध्ये विसाच्या आसपास आणा, चमच्याने ढवळून बुडबुडे काढून टाका (ते हायड्रोमीटरला वर उचलतात) आणि मग वाचा. पीएच मीटर किंवा बारीक टप्प्यांच्या पट्ट्या असतील तर ३.५ च्या खाली आल्याशिवाय भरू नका. तीनच्या आसपास चव बहुतेकांना आवडते, २.७ ला दात आंबतात.

दाब

हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून इथे थोडं थांबतो. द्रव जितका गरम, तितका गॅस त्यात कमी मावतो. जो मावत नाही तो वरच्या रिकाम्या जागेत येऊन बाटलीच्या भिंतींवर रेटा देतो. अडीच व्हॉल्यूम गॅस असलेली एकच बाटली घ्या. फ्रीजमध्ये ४ अंशांना तिच्यात बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १० पीएसआय (टायरची हवा मोजतात ते दाबाचं एकक) जास्त दाब असतो. २० अंशांना २७. ३० अंशांना ४०. चाळीस अंशांना ५४. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत आतलं तापमान साठीला गेलं तर ८५ च्या घरात. गॅस तोच, साखर तीच, फक्त गरमी वाढली. वर गरमीत यीस्ट पुन्हा कामाला लागतं, म्हणजे गॅसही वाढायला लागतो. दोन्ही बाजूंनी दाब चढतो.

गाडीच्या टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय हवा भरतात. मे महिन्यात ओट्यावर ठेवलेल्या काचेच्या बाटलीत त्याहून जास्त दाब असू शकतो, आणि काच रबरासारखी ताणली जात नाही. हे लक्षात घेतलं की बाटली कोणती घ्यावी, हा प्रश्न दिसण्याचा राहत नाही.

बाटल्या

चौकोनी बाटल्या नकोत, कितीही सुंदर दिसल्या तरी. गोल भिंतीवर दाब सगळीकडे सारखा वाटला जातो, चौकोनी बाटलीची सपाट बाजू बाहेर वाकते आणि कोपऱ्यावर सगळा ताण येतो. तेल, दूध किंवा पाण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या क्लिपच्या बाटल्यासुद्धा गॅससाठी नसतात. झाकण तारेचं आणि रबराचं आहे म्हणून काच दाबाची आहे असं होत नाही. घेताना बाटली हातात तोलून बघा, तळ जाड आणि गोलसर आत गेलेला हवा, काचेत बुडबुडे किंवा रेघा नकोत, आणि विकणाऱ्याला सरळ विचारा की ही कार्बोनेटेड पेयासाठी आहे का. उत्तर गोलमोल आलं तर सोडून द्या.

बिअरच्या ६५० मिलिच्या रिकाम्या बाटल्या दाबासाठीच बनवलेल्या असतात, त्या चालतात. २६ मिलिमीटरचे क्राउन, म्हणजे पत्र्याची झाकणं, आणि ती हाताने दाबायचा कॅपर लागतो. तोंडाच्या कडेवरून बोट फिरवा. कुठे टवका उडाला असेल तर क्राउन बसेल, पण गॅस झिरपेल. खूप वेळा फिरून आलेल्या, अंगावर पांढरट घासल्याचे पट्टे पडलेल्या बाटल्या बाजूला काढा. काच फुटायला असे ओरखडेच सुरुवात करून देतात.

पहिल्यांदा करणाऱ्याने काच वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. कोल्ड्रिंकची पेट, म्हणजे प्लास्टिकची, बाटली घ्या, तळाला पाच पाय असलेली, तिच्या मूळ झाकणासकट. ती गॅसच्या दाबासाठीच बनलेली असते, दाब फार वाढला तर आधी फुगते, म्हणजे सावध व्हायला वेळ देते, आणि शेवटी फाटलीच तरी काचा उडत नाहीत. कोला स्वतःच कोंबुचाइतका आंबट असतो, त्यामुळे आंबटपणाने प्लास्टिकचं काही बिघडेल ही शंका नको. पिण्याच्या पाण्याच्या पातळ बाटल्या मात्र चालत नाहीत, तळही दाबाचा नसतो आणि झाकणही. पेट बाटली उकळत्या पाण्याने धुवायची नाही, आकसते. तिच्या भिंतीतून गॅस हळूहळू बाहेर जातो, म्हणून तीन-चार आठवड्यांत संपवावी.

गोटी सोड्याची बाटली वापरता येईल का, असं हमखास विचारलं जातं. १८७० च्या दशकात हायरम कॉड या इंग्रज माणसाने काढलेली ती रचना फार हुशार आहे: आतला गॅसच गोटीला वर रेटून तोंड बंद करतो. पण त्यासाठी भरतानाच दाब असावा लागतो. आपला गॅस तासातासाने तयार होतो आणि सुरुवातीला गोटी जागेवर बसतच नाही. सोड्याच्या मशीनसाठी ती उत्तम, आपल्या कामाची नाही.

क्लिपच्या बाटलीचं रबर दर वेळी बघा. कडक झालेलं, चिरलेलं, एका बाजूने चपटं झालेलं रबर म्हणजे गॅस गेलाच. तपासायला सोपं आहे. बाटलीत पाऊण भाग कोमट पाणी आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घ्या, चमचाभर लिंबाचा रस घालून लगेच बंद करा, आणि बाटली पाण्याच्या बादलीत आडवी बुडवा. तोंडाशी बुडबुड्यांची माळ निघाली तर रबर बदला.

संत्र्याचा रस

नागपुरात राहून कोंबुचात संत्रं घालायचं नाही, हे होणार नाही. आंबिया बहाराचं संत्रं ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतं, मृग बहाराचं फेब्रुवारी ते एप्रिल. कळमना बाजारात ढीग लागलेले असतात तेव्हा भाव आणि चव दोन्ही जमतात. पिकलेल्या संत्र्याच्या रसात साधारण दहा टक्के साखर असते. ६० मिलि रस म्हणजे जवळपास ६ ग्रॅम साखर. ७५० मिलिच्या बाटलीला तेवढाच रस पुरेसा आहे, आणि वरचा हिशोब बघितला तर त्याहून जास्त घालायला कारणही नाही.

संत्र्याच्या रसाची एक खोड आहे, ती सांभाळावी लागते. ताजा काढला की गोड लागतो, काही तासांनी कडू होतो. फोडींच्या पापुद्र्यात आणि बियांत एक चवहीन पदार्थ असतो. तो रसात उतरला की आम्लामुळे त्याचं लिमोनिन बनतं, आणि लिमोनिन अगदी कमी प्रमाणातही कडू लागतं. कोंबुचा तर मुळातच आंबट, त्यामुळे चुकीचा काढलेला रस त्यात कडू झाल्याशिवाय राहत नाही. मग माणूस स्कोबीला दोष देतो.

म्हणून मिक्सर नको. फोडी सोला, पापुद्रा आणि पांढऱ्या शिरा काढा, बिया काढा, उरलेला गर गाळणीत घेऊन चमच्याच्या पाठीने हलकेच दाबा. जोर लावून शेवटचा थेंब काढायच्या मागे लागू नका, कडूपणा त्या शेवटच्या थेंबांतच असतो. हा रस पुन्हा मलमलच्या फडक्यातून गाळा आणि लगेच वापरा. वास हवा असेल तर सालीचा फक्त नारिंगी भाग सोलाण्याने काढून बोटभर लांबीची एक पट्टी बाटलीत टाका. पांढरा भाग चिकटलेला असेल तर सुरीने खरवडून टाका. एकापेक्षा जास्त पट्ट्या नकोत. सालीतलं तेल यीस्टला दाबतं, गॅस रेंगाळतो, आणि चवही साबणासारखी व्हायला लागते. साल आधी कोमट पाण्याने घासून धुवायची.

बाजारातला स्क्वॉश किंवा पॅकबंद रस वापरायचा असेल तर लेबल वाचा. आयएनएस २०२, २११, २२३ किंवा २२४ यांपैकी काही दिसलं तर तो प्रिझर्वेटिव्ह आहे, आणि त्याचं कामच यीस्टला अडवणं. त्याच कारणासाठी बाटल्या निर्जंतुक करायला मेटाबायसल्फाइट वापरू नका. डिशवॉशचे दोन थेंब, ब्रश, गरम पाणी, साबणाचा वास जाईपर्यंत खळखळून धुणं आणि फडक्यावर उलट्या वाळवणं, एवढं पुरतं.

एप्रिलनंतर संत्रं संपलं की आलं आहेच. किसलेलं आलं लिटरला ८ ते १० ग्रॅम. कैरीही छान लागते, जूनमध्ये जांभूळ. पण यातलं काहीच तुकड्यांच्या रूपात बाटलीत टाकू नका. आधी बरणीतल्या कोंबुचात, स्कोबी काढून घेतल्यावर, बारा तास भिजवा, गाळा आणि मग भरा. कारण पुढे 'काय बिघडतं' या भागात येईल.

भरणं

सगळ्यांत आधी पुढच्या खेपेचा स्टार्टर, म्हणजे नवा चहा आंबवायला लागणारा तयार कोंबुचा, बाजूला काढा, बरणीच्या वरच्या भागातून, नव्या चहाच्या १५ टक्के तरी. रस मिसळल्यावर काढलेला स्टार्टर पुढच्या खेपेत चव आणि यीस्टचं गणित दोन्ही बिघडवतो.

मग बरणीच्या तळाचा तपकिरी गाळ स्वच्छ स्टीलच्या डावाने हलवून सगळ्या द्रवात एकसारखा करा. तो गाळ म्हणजे यीस्ट. न ढवळता नळीने किंवा तोटीने भरायला घेतलं की एका टोकाच्या बाटल्यांत यीस्ट जवळजवळ नसतं आणि दुसऱ्या टोकाच्या बाटल्यांत सगळं गोळा होतं. एकाच खेपेतली एक बाटली मुकी आणि दुसरी छताला फवारा मारणारी निघते ती यामुळेच. भरतानाही दर दोन बाटल्यांनंतर एकदा ढवळा.

रस आधी प्रत्येक बाटलीत मोजून घाला, मग कोंबुचा. मोठ्या भांड्यात एकत्र मिसळून भरलं तरी चालेल, फक्त मग भरणं लवकर उरका. फूडग्रेड नळी बाटलीच्या तळापर्यंत सोडली तर फेस कमी येतो आणि मात्रा नीट दिसते. वर ३ सेंटिमीटर जागा ठेवा. काठोकाठ भरलेली बाटली धोक्याची असते: ५ अंशांचा द्रव ४० अंशांवर आला की ७५० मिलिमागे जवळपास ६ मिलि फुगतो, आणि जागाच नसेल तर द्रव दबत नाही, काच फुटते. उलट अर्धी भरलेली बाटली सुरक्षित असते, हाही समज खरा नाही. दाब साखर आणि तापमान ठरवतात, रिकामी जागा थोडा उशीर करते इतकंच.

तोंड पुसा, बंद करा, आणि कागदी टेपवर तारीख, भरतानाचं रीडिंग आणि खोलीचं तापमान लिहून चिकटवा. दोन ऋतू असं लिहीत गेलात की तुमच्या घराचा तक्ता आपसूक तयार होतो, आणि तो कुठल्याही रेसिपीपेक्षा खरा असतो.

राखण

काचेच्या बाटल्या भरणार असाल तरी प्रत्येक खेपेला एक पेट बाटली त्याच द्रवाने, त्याच रसाने, तितकीच जागा ठेवून भरा. भरताना दाबून हवा काढून टाकू नका. ही तुमची तपासणीची बाटली. ती बाकीच्या बाटल्यांच्या मधोमध ठेवा, खिडकीत नाही, म्हणजे सगळ्यांना सारखंच तापमान मिळेल. सकाळ-संध्याकाळ अंगठ्याने मधला भाग दाबा. सुरुवातीला अंगठा आत जातो आणि भिंत सावकाश परत येते. मग हळूहळू अंगठ्याखाली नुसता किंचित लवचिकपणा उरतो, झाकणाखालची कडी ताणल्यासारखी दिसते. त्यानंतर बाटलीवर टिचकी मारली की आवाज भरीव न येता टणक येतो. दुकानातून आणलेली न उघडलेली कोल्ड्रिंकची बाटली त्याच खोलीत शेजारी ठेवा आणि दोन्ही दाबून बघा. तुमची बाटली तिच्या अगदी जवळ आली की सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये. 'अजून एक रात्र राहू दे' हा मोह टाळा. उन्हाळ्यात त्या एका रात्रीत दाब दीडपट होऊ शकतो.

ऋतूप्रमाणे अंदाज असा. मे महिन्यात कूलरच्या खोलीत एक ते दोन दिवस. कूलर नसलेल्या खोलीत बारा तासांनी बघायला सुरुवात करा. पावसाळ्यात २६ ते २९ अंशांना दोन-तीन दिवस. डिसेंबर-जानेवारीत पाच ते आठ, आणि तेव्हा बाटल्या फ्रीजच्या मागे किंवा वापरात नसलेल्या ओव्हनमध्ये, आतला दिवा लावून ठेवलेल्या बऱ्या. दिवा लावला असेल तर तिथे थर्मामीटर ठेवा, तिशीच्या वर जायला नको.

गॅस धरायला सगळ्यांत चांगलं तापमान २२ ते २६. उन्हाळ्यात ते मिळवायचा आपल्याकडचा जुना उपाय इथेही लागू पडतो. बाटल्या क्रेटमध्ये ठेवा, क्रेटभोवती ओलं गोणपाट गुंडाळा, खालच्या परातीत पाणी ठेवा आणि पंख्याखाली ठेवा. मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की आतलं तापमान २६-२८ वर येतं. जुलैत हा उपाय चालत नाही, हवेतच ओल असते. कूलरच्या थेट झोतात मात्र काहीच ठेवू नका, आणि पहिल्या फर्मेंटेशनची उघडी बरणी तर नाहीच. ताट्यांतून येणारी दमट हवा बुरशी घेऊन येते.

काचेच्या बाटल्या नेहमी झाकणाच्या जाड प्लास्टिक क्रेटमध्ये किंवा थर्माकोलच्या खोक्यात, वर जाड टॉवेल टाकून ठेवा. मुलांच्या हाताला लागतील अशा जागी नाही, आणि डोळ्यांच्या उंचीवरच्या फळीवर तर अजिबात नाही.

रोज झाकण उघडून थोडा गॅस सोडायचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. साखर तेवढीच राहते, दाब पुन्हा चढतो, आणि मधल्या काळात जो गॅस हवा होता तो गेलेला असतो. काचेच्या बाटलीत दाब जास्त झाल्याची शंका आली तर गरम असताना ती उघडू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून, चेहरा दूर ठेवून फ्रीजमध्ये आत मागे ठेवा. दुसऱ्या दिवशी पूर्ण थंड झाल्यावर, जाड कपड्याने तोंड झाकून, जरा जरा गॅस सोडत उघडा.

फ्रीजमध्ये किमान चोवीस तास, शक्य तर अठ्ठेचाळीस. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून काम होत नाही. बाहेरून बाटली गार लागते, पण वरच्या जागेतला गॅस द्रवात विरघळायला वेळ घेतो, आणि तो विरघळला नसेल तर उघडताच फुसकन निघून जातो, पेल्यात बुडबुडे दिसत नाहीत.

काय बिघडतं

फवारा उडाला तर गॅस जास्त असेलच असं नाही. लगदा, आल्याचे तंतू, रसातला गर, या प्रत्येक कणावर बुडबुडा तयार होतो आणि उघडताच सगळे एकदम सुटतात. म्हणूनच गाळून घ्यायचं. आधी गाळणं सुधारा, मग थंड करण्याचा वेळ, आणि तरी उडत असेल तर पुढच्या वेळी बाहेर ठेवण्याचा काळ कमी करा.

गॅस धरलाच नाही तर आधी झाकण आणि रबर बघा. दहातल्या सात-आठ वेळा दोष तिथेच सापडतो. ते ठीक असेल तर खोली थंड आहे, किंवा ढवळायचं राहिलं, किंवा रसात प्रिझर्वेटिव्ह होता, किंवा लवंग-दालचिनी सढळ हाताने पडली. मसाल्यांची तेलं यीस्टला आवडत नाहीत. पहिलं फर्मेंटेशन खूप लांबवून कोंबुचा फार आंबट झाला असेल तरी यीस्ट मंदावतं.

बाटलीच्या तोंडाशी जेलीसारखी पातळ चकती दिसली तर तो नवा स्कोबी, गाळून टाका, अपाय नाही. तळाचा गाळ यीस्टचा, ओतताना बाटली तिरकी धरून शेवटचे दोन घोट सोडले की झालं. अंड्यासारखा हलका वास फ्रीजमध्ये आठवड्याभरात बहुधा जातो. पहिल्या बरणीत मात्र पृष्ठभागावर कोरडी, केसाळ, हिरवी-काळी बुरशी दिसली तर स्कोबीसकट सगळं टाकून द्या, वरचा थर काढून वाचवायचा प्रयत्न करू नका.

बंद बाटलीत ऑक्सिजन फार थोडा असतो, त्यामुळे अल्कोहोलचं आम्ल करणारे जिवाणू जवळजवळ थांबतात आणि यीस्टने केलेलं अल्कोहोल तसंच राहतं. लिटरमागे ८ ग्रॅम साखर आंबली की साधारण अर्धा टक्का अल्कोहोल वाढतं, पहिल्या बरणीतलं वेगळं. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमांत अर्ध्या टक्क्याच्या वर गेलेलं पेय मद्यात धरतात. घरात लहान मुलं, गर्भवती, किंवा अल्कोहोल अजिबात न घेणारे कुणी असतील तर त्यांना हे आधी सांगा आणि त्यांना गॅस न धरवलेला, पहिल्या बरणीतून थेट फ्रीजमध्ये गेलेला कोंबुचासुद्धा देऊ नका, कारण थोडं अल्कोहोल त्यातही असतं.

कुणाला बाटली द्यायची असेल तर उन्हाळ्यात ती पेटचीच द्या, बर्फाच्या पिशव्यांसोबत थर्माकोलच्या खोक्यात, आणि पोचल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवायला सांगा. स्कूटरच्या डिकीत नेऊ नका. सीताबर्डीच्या एका सिग्नलला उभं राहायचा वेळसुद्धा मे महिन्यात डिकी तापायला पुरतो.